विटांच्या वर्गाचा इतिहास

निकालाच्या दिवशी मांगात चिकगू शाळेत सगळ्यांच्या आधी यायचे आणि हॉलमध्ये निकाल वाटायला सुरुवात झाली की गडप व्हायचे. कोणी म्हणायचं, वर्कशॉपमागे वाळू चाळत बसतात. कोणी म्हणायचं, धक्क्यावरच्या आ-हिंगच्या हॉटेलात नूडल्सची प्लेट समोर ठेवून नुसतेच नदीकडे बघत बसतात. दोन्ही खरं होतं. आधी वाळू, मग नूडल्स.

एरवी हा माणूस लपणारा नव्हता. अंगाने आडवा, आवाजाने दांडगा, दोन्ही खांद्यांवर इबानांच्या रीतीने वांग्याची फुलं गोंदलेली. नांगा सेबलाकला, आमच्या गावच्या धक्क्याला, बोट लागली की तिच्या इंजिनावर यांचा आवाज चढायचा. आमच्या माध्यमिक शाळेत ते बांधकाम शिकवायचे. विटा रचणं, गिलावा, फरशी, थोडंफार नळकाम. विषयाचं सरकारी नाव भारदस्त होतं, पण सगळी शाळा त्याला ‘विटांचा वर्ग’ म्हणायची आणि त्यातल्या पोरांना नुसतंच ‘विटा’. “ए वीट, सरक बाजूला,” असं विज्ञानवाली पोरं म्हणायची आणि विटा सरकायच्या.

या वर्गात हौसेने कोणी येत नसे. तिसऱ्या फॉर्मचे, म्हणजे नववीचे, निकाल लागले की मार्कांच्या उतरंडीने पोरं वाटली जायची. वरची विज्ञानाला, मधली हिशेब आणि व्यापाराला, आणि तळाला जी उरतील ती मांगात चिकगूंच्या दारात. चिकगूंना त्याचा कमीपणा वाटत नसे. ते स्वतः तळातूनच आलेले. नदीच्या वरच्या अंगाला इबान आदिवासींच्या लांबघरात, सगळी वस्ती एकाच छपराखाली असते तशा घरात, वाढले, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत कसेबसे तरले, आणि मग आमची पोरं जातात तसे बोचकं उचलून कमवायला बाहेर पडले. ब्रुनेईत गवंडीकाम केलं, जोहोरात केलं, सिंगापुरात केलं. तिशी उलटल्यावर पुन्हा वर्गात बसले, कोर्स केला आणि शिक्षक होऊन नदीवर परत आले. शिक्षकाला आमच्याकडे, बाई असो की बुवा, चिकगूच म्हणतात. पहिल्यांदा कोणी “चिकगू मांगात” अशी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, की हा कोण नवीन.

त्यांच्या हाताखाली पोरं तयार व्हायची. शेवटच्या वर्षाच्या सरकारी परीक्षेत, एसपीएममध्ये, बांधकामाला ‘ए’ मिळणं हे त्यांच्या वर्गात नवल राहिलं नव्हतं. तरीही ते लपायला लागले, ते नव्या नियमापासून. इतिहासात नापास झालं तर बाकी विषयांत आकाशाला हात लावा, सर्टिफिकेट मिळणारच नाही, असा नियम आला. मलय भाषेला तो आधीपासून होता, आता इतिहासालाही लागला. आणि विटांचा वर्ग पहिल्याच वर्षी त्यावर तोंडघशी पडला. निकालाच्या कागदावर बांधकामापुढे ए आणि इतिहासापुढे जी. जी म्हणजे गेलं. पोरं तो कागद घेऊन वर्कशॉपमध्ये यायची आणि विचारायची, “चिकगू, ए मिळालाय. मग सर्टिफिकेट का नाही?” याला काय उत्तर द्यायचं? म्हणून वाळू, आणि मग नूडल्स.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा मुख्याध्यापक बोल्हासान यांनी त्यांना खोलीत बोलावलं. तुआन, म्हणजे साहेब, बोल्हासान शांत माणूस. रागावले की चष्मा पुसायचे. त्या दिवशी चष्मा बराच वेळ पुसत होते.

“मांगात, तुमच्या शिकवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही.”

“म्हणजे तक्रार आहे, तुआन.”

“आहे. तुमची पोरं दोन वर्षं घाम गाळतात आणि हात हलवत घरी जातात. मी त्यांच्या आईबापांना काय सांगू? पुढच्या वर्षीपासून हा विषय बंद करावा म्हणतो. त्याऐवजी व्यापार घेऊ दे त्यांना.”

“व्यापार घेतला तर इतिहास सुटतो का?”

तुआननी चष्मा डोळ्यांवर चढवला. “नाही सुटत,” ते म्हणाले. “पण निदान दोन्ही शिक्षक एका इमारतीत तरी असतील. तुमच्या वर्कशॉपमधून पोरं इतिहासाच्या तासाला येतात तेव्हा अर्धा तास गेलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्या तासात ती झोपतात. त्योंग चिकगूंना विचारा.”

“दोन वर्षं द्या, तुआन. आत्ता चौथ्या फॉर्मला आलेल्या वर्गाचा निकाल बघा आणि मग कुलूप लावा.”

तुआननी दोन वर्षं दिली. मांगात चिकगू खोलीबाहेर आले तेव्हा दोन वर्षांत नेमकं काय करायचं, याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात विज्ञान शाखेतली मेंगा नावाची मुलगी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. चौथ्या फॉर्मचे पहिले तीन महिने तिने विज्ञानात काढले होते आणि मार्क चांगले होते. “मला इकडे यायचंय,” ती म्हणाली.

“थापी हवीय का उसनी? घेऊन जा.”

“थापी नको. वर्ग बदलायचाय.”

चिकगूंना वाटलं, विज्ञानवाल्या पोरांनी पैज लावून पाठवलीय. त्यांनी हसून तिला वाटेला लावलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. शेवटी तिचा बाप आला. लांतिंग, वरच्या लांबघराचा मुखिया, तुआई. बोटीतून उतरला तो थेट वर्कशॉपमध्ये, पायातले बूटही न काढता.

“मांगात, माझ्या पोरीच्या डोक्यात हे भूत तू घातलंस?”

“तुआई, मी घालीन तर विटेचं घालीन. भुताचं मला येत नाही.”

“थट्टा नको. सगळ्या घराला सांगून बसलोय, पोरगी डॉक्टर होणार म्हणून. आता काय सांगू? गवंडी होणार?”

“माझा बाप मला हेच म्हणाला होता,” चिकगू म्हणाले. “फक्त त्याने डॉक्टरच्या जागी पोलीस म्हटलं होतं.”

मेंगा कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “आपाई, आपलं घर जळलं तेव्हा तू काय म्हणालास?”

दोन वर्षांपूर्वी त्यांचं लांबघर एका दुपारी या टोकापासून त्या टोकापर्यंत जळून गेलं होतं, वीस-पंचवीस कुटुंबांचं एकच लाकडी घर. सरकारी मदतीतून विटा-सिमेंटचं नवं उभं राहिलं, बाहेरच्या कंत्राटदाराने बांधलेलं. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या भिंतींना बोट जाईल अशा भेगा पडल्या.

“तू म्हणालास, आपल्यात एकाला जरी हे काम कळत असतं तर कोणी असं फसवलं नसतं. तू म्हणालास की नाही?”

“म्हणालो. पण मी पोरांबद्दल म्हणालो होतो.”

“तसं सांगितलं नव्हतंस.”

मांगात चिकगूंनी तोंड फिरवून घमेलं उचललं, कारण हसू आवरेना. लांतिंगने शेजारची अर्धी रचलेली भिंत तळव्याने दाबून पाहिली. शेवटी म्हणाला, “मांगात, तुझ्या वर्गातली पोरं सर्टिफिकेटशिवाय घरी येतात म्हणे. माझी पोरगी तशी आली तर तुला या नदीवर बोटीत चढू देणार नाही.”

“कबूल,” चिकगू म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलंय.

मेंगाच्या येण्याने वर्गात खळबळ उडाली. वरून खाली आलेली पहिलीच वीट. कालांग नावाचा पोरगा तिला म्हणाला, “तू वाट चुकलीस का?” कालांग वर्गातला सगळ्यात हुशार हात. ओळंबा न लावता सरळ भिंत रचायचा आणि मग ओळंबा लावून सगळ्यांना दाखवायचा. जीभही तशीच. आईबाप नव्हते, आजीने वाढवलेला, हॉस्टेलात राहणारा. त्याच्याच तोंडून एक दिवस तो प्रश्न आला.

चिकगू पोरांना इतिहासावरून झाडत होते. “डोकं ठिकाणावर ठेवून वाचलं तर इतिहास काय अवघड आहे? राजे आहेत, लढाया आहेत, तारखा आहेत. पाठ करायचं!”

“चिकगू,” कालांग म्हणाला, “तुम्हाला किती होते इतिहासात?”

सगळा वर्ग थांबला. माल कालवणारी फावडीसुद्धा थांबली. खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसाला ते नीट जमायचं नाही, चेहरा लगेच सांगायचा.

“नापास होतो,” ते म्हणाले. “तेव्हा नियम नव्हता म्हणून सुटलो.”

“मग आता बसा की आमच्याबरोबर,” कालांग म्हणाला. “अवघड नाहीये ना?”

पोरं हसली, तेही हसले. पण घरी गेल्यावर जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, “मी एसपीएमला बसतोय. इतिहासाला.”

बायकोने, म्हणजे इंदाई लुलोंगने, पानात मिदीनची रानभाजी वाढता वाढता हात थांबवला. त्यांची लेक लुलोंग मिरी शहरातल्या दवाखान्यात नर्स होती आणि तिच्या नावानेच ही दोघं एकमेकांना हाक मारत; आपाई म्हणजे बाप, इंदाई म्हणजे आई.

“आपाई लुलोंग, तुम्हाला कालचं जेवण आठवत नाही.”

“आठवतं. मासा होता.”

“काल उपास घडला होता तुमचा. मी माहेरी गेले होते.”

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरचा उमेदवार म्हणून नाव घातलंच, आणि वर्गात येऊन सांगितलं. या वेळी पोरं हसली नाहीत.

आता इतिहास शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि ती त्योंग चिकगू होती. त्योंग मी हुआ सिबू शहराची, फूचाऊ चिनी, एकटीच राहायची. खडूसारखी सडसडीत आणि खडूसारखीच कोरडी. विटांचा वर्ग तिच्या तासाला घामाचा आणि सिमेंटचा वास घेऊन यायचा, आणि ती खिडक्या उघडायची. मांगात चिकगू टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

“त्योंग चिकगू, तुम्ही वर्कशॉपमध्ये येऊन शिकवाल का? पोरांचा येण्याजाण्यातला वेळ वाचेल.”

“फळा आहे तिथे?”

“भिंत आहे. गिलावा आजच केलाय.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. “आणि तुम्ही बसणार परीक्षेला, हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“मग तुम्हालाही प्रश्न विचारीन. वेगळी वागणूक नाही मिळणार.”

“नको आहे,” असं ते म्हणाले खरे, पण पुढचे कित्येक महिने त्या शब्दांचा त्यांना पश्चात्ताप होत राहिला. त्योंग चिकगू वर्कशॉपमध्ये यायची, स्टुलावर रुमाल पसरून बसायची, आणि सगळ्यात आधी त्यांनाच उठवायची. “मांगात, मलाक्काचा पहिला सुलतान कोण?” हा पन्नाशीचा माणूस उभा राहून छताकडे बघायचा. पोरं मागून कुजबुजत उत्तर सांगायची, आणि ती म्हणायची, “कालांग, तुला विचारलेलं नाही.” उत्तर चुकलं की उभंच राहायचं. एकदा तर ते सगळा तास उभे होते. त्यानंतर कालांगने त्यांना स्वतःहून कॉफी आणून दिली.

गंमत अशी झाली की चौथ्या फॉर्मच्या पुस्तकातला पहिलाच धडा जुन्या संस्कृतींचा होता आणि त्यात सिंधू नदीकाठची शहरं होती. त्योंग चिकगू वाचत होती, रस्ते, गटारं, भाजलेल्या विटा. मांगात चिकगू ताडकन उठले.

“भाजलेल्या? तेव्हा?”

“बसा.”

“सगळ्या एका मापाच्या होत्या का?”

“पुस्तकात तसं म्हटलंय. बसा, मांगात.”

ते बसले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवर त्या काळची भट्टी कशी असेल, गटारांचा उतार कसा काढला असेल, हे पोरांना दाखवायला लागले. त्योंग चिकगूने घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. पोरं पहिल्यांदाच इतिहासाच्या तासाला जागी होती. तास संपल्यावर ती म्हणाली, “उद्यापासून असं करू. मी धडा सांगेन, तुम्ही त्यातली एखादी गोष्ट बांधून घ्या. पण तारखा माझ्या.”

मग तसंच सुरू झालं. मलाक्काचं बंदर पोरांनी वाळूत बांधलं, जकातीच्या चौकीसकट. राजघराण्याची वंशावळ विटांवर खडूने लिहून थरावर थर रचली. चुकीचा सुलतान चुकीच्या जागी गेला की मेंगा ओरडायची, “बाप खाली, पोरगा वर!” आणि भिंत उतरवून पुन्हा रचायला लागायची. विज्ञानवाली पोरं खिडकीतून बघायला यायची. त्यातला एक म्हणाला, “ए विटांनो, आम्हालाही घ्या ना,” आणि कालांगने त्याला सरक बाजूला म्हणून सांगितलं. तो दिवस वर्गाने सणासारखा साजरा केला.

मांगात चिकगूंची स्वतःची प्रगती मात्र गोगलगाईची. दाढी करताना, बोटीत, जेवताना तारखा पुटपुटायचे. इंदाई लुलोंग म्हणायची, “माझ्याशी लग्न कधी झालं ते सांगा आधी.” तेही चुकायचं. रोज संध्याकाळी ती पुस्तक हातात घेऊन त्यांना प्रश्न विचारायची, आणि काही महिन्यांत सगळं पुस्तक तिलाच पाठ झालं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परीक्षा आली. बाहेरच्या उमेदवारांची सोय त्याच हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत होती. आपल्या पोरांच्या मागे, दुसऱ्या शाळेतून आलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली, मांगात चिकगू त्या छोट्या बाकात कसेबसे मावले. निबंधात जुन्या संस्कृतींवर प्रश्न होता. त्यांना वाटलं, देव पावला. विटांवर लिहायला लागले ते लिहीतच सुटले. भट्टी, माप, सांधे, गटारं. मान वर केली तेव्हा वेळ संपत आली होती आणि बाकीचे प्रश्न तसेच कोरे. बाहेर आल्यावर पोरांनी त्यांना घेरलं.

“कसा गेला, चिकगू?”

“एक प्रश्न झकास गेला.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे माझ्याकडे बघत राहिले.”

कालांग मात्र घोळक्याबाहेर उभा होता. चिकगूंनी विचारलं तर म्हणाला, “गेला बरा.” मेंगाने नंतर सांगितलं, की पेपर हातात पडल्यावर तो कितीतरी वेळ पेनच उचलत नव्हता.

मार्चमध्ये निकाल लागला. त्या दिवशी मांगात चिकगू लपले नाहीत. लपता येत नव्हतं, स्वतःचाच कागद घ्यायचा होता. हॉलमध्ये आईबाप, आज्या, लहान भावंडं, सगळी गर्दी. लांतिंग पहिल्या बोटीने आला होता आणि दाराजवळ हाताची घडी घालून उभा होता. त्योंग चिकगू भिंतीशी, हातात रुमाल पिळत.

एकेक पोरगं कागद घेऊन यायचं आणि आधी इतिहासाची ओळ बघायचं. पहिल्याला डी. दुसऱ्याला ई, पण ई म्हणजे पास! तिसऱ्याला सी. मेंगाला बी प्लस. लांतिंगने तिचा कागद दोनदा वाचला, मग गर्दीतून वाट काढत चिकगूंपाशी आला. “बोटीत चढ,” एवढंच म्हणाला आणि त्यांची पाठ अशी थोपटली की ते दोन पावलं पुढे गेले.

त्यांचा स्वतःचा कागद आला. ई. पासाची शेवटची पायरी, पण पायरी. पोरांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग नुसताच गलका केला. “चिकगू, वर्गात सगळ्यात खाली तुम्ही!” त्योंग चिकगू पुढे आली आणि त्यांच्याशी हात मिळवला. “एकाच प्रश्नावर पास झालात,” ती म्हणाली. “मी असं आधी पाहिलेलं नाही.” तिचे डोळे ओले होते आणि ती ते कोणाला दिसू देत नव्हती.

त्या गलक्यात मांगात चिकगूंनी तोंडं मोजल्यासारखी नजर फिरवली आणि विचारलं, “कालांग कुठाय?”

कालांगला जी मिळाला होता. बांधकामात ए प्लस, मलयमध्ये पास, गणितात पास, इतिहासात जी. कागद घेऊन तो कोणाशी न बोलता गेला होता. चिकगू गर्दी सोडून बाहेर पडले. वर्कशॉपमागे पाहिलं, मग हॉस्टेलात, मग धक्क्यावर गेले. आ-हिंगच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे ते स्वतः दर निकालाला बसायचे, तिथेच तो बसला होता. समोर नूडल्स, हात न लावलेले.

चिकगू समोर बसले.

“तुम्ही पास?” कालांगने विचारलं.

“ई.”

“शाब्बास,” तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला, म्हणून ते ऐकणं आणखी कठीण झालं.

“जुलैत पुन्हा देता येतो. फक्त इतिहास. मी फॉर्म भरतो तुझा.”

“बिंतुलूला चाललोय मी. मामेभाऊ साइटवर आहे.”

“साइट कुठे पळून जात नाही.”

“आजीला पळून जायला वेळ लागणार नाही,” कालांग म्हणाला. “ती म्हातारी झालीय, चिकगू. मला आता कमवायचंय.” मग खाली मान घालून, “मला सगळं येत होतं. सगळं. पेपर बघितला आणि भिंतच पडली डोक्यातली.”

चिकगूंनी आ-हिंगला हात केला. त्यांनी आपली प्लेट मागवली आणि दोघांनी गार झालेले आणि गरम नूडल्स संपवले. दुपारच्या बोटीने कालांग गेला.

तुआन बोल्हासान यांनी विषय बंद केला नाही. उलट त्या वर्षी तिसऱ्या फॉर्मच्या निकालानंतर वर्ग निवडायची वेळ आली तेव्हा काही पोरं स्वतःहून विटांकडे आली, आणि हिशेबाच्या वर्गातून दोन मुलींनी बदली मागितली. एका आईने तर तुआनना विचारलं, “तो वर्ग कुठला, ज्यात शिक्षकही परीक्षा देतात?” मेंगा कुचिंगच्या पॉलिटेक्निकला गेली. सगळं चांगलं चाललं होतं. पण मांगात चिकगू जुलैसाठी कालांगचा फॉर्म भरून बसले होते, आणि कालांग परीक्षेला आलाच नाही. फोन केला तर उचलला नाही.

ते त्यांना फार लागलं. इंदाई लुलोंगला म्हणाले, “मीच त्याला सोडायला नको होतं.”

“तो काय बोकड आहे बांधून ठेवायला?” ती म्हणाली. “तुम्हीही त्याच्या वयात गेला होतात. तुमच्या बापाने फोन केला होता का?”

“तेव्हा फोन नव्हते.”

“म्हणून परत आलात.”

त्यांनी ते ऐकलं आणि पुढे वर्षभर फोन केला नाही. दिवसातून दोनदा फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. बातम्या मात्र कानावर यायच्या. कालांग साइटवर आहे, त्याच्या हाताखाली आता चार माणसं आहेत. आजी गेली तेव्हा तो आला होता, पण शाळेकडे फिरकला नाही. चिकगू तिच्या मातीला गेले, त्याच्या शेजारी बसले, भात आणि डुकराचं मटण खाल्लं. इतिहासाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मग एका रविवारी सकाळी, चिकगू अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत असताना, फोन वाजला.

“चिकगू, सिंधूच्या गटारांना झाकण होतं का?”

त्यांच्या हातातले दाणे सगळे एकदम सांडले. कोंबड्यांनी गर्दी केली.

“होतं,” ते म्हणाले. “दगडाचं किंवा विटांचं. का रे?”

“काही नाही. नाव घातलंय मी. इथेच, बिंतुलूला. साइटवर सुपरवायझर व्हायचं तर सर्टिफिकेट मागतात. त्यांच्यासाठी नाही देत आहे पण.”

“मग कोणासाठी?”

“तुम्हाला काय करायचंय? गटारांचं सांगा.”

त्या रविवारपासून दर रविवारी फोन यायचा. चिकगूंना जे आठवायचं नाही ते इंदाई लुलोंग मागून ओरडून सांगायची. कधी दोघं नवराबायको तारखेवरून भांडायची आणि पलीकडून कालांग म्हणायचा, “तुमचं झालं की मला सांगा.” एकदा त्योंग चिकगूच्या घरी जाऊन त्यांनी फोन तिच्या हातात दिला. ती नमस्कारही न करता म्हणाली, “कालांग, पेपर आला की पहिली पाच मिनिटं वाचू नकोस. नुसता श्वास घे. मग सगळ्यात सोपा प्रश्न शोध. पाया सोप्यापासून.” फोन ठेवल्यावर मांगात चिकगू तिच्याकडे बघत राहिले.

“काय?” ती म्हणाली.

“पाया म्हणालात.”

“तुमच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं बसतेय. काहीतरी चिकटणारच.”

निकाल लागला त्या दिवशी कालांगने फोन केला नाही, तो स्वतःच आला. गावाई, आमचा सुगीचा सण, जवळ आला होता, धक्का माणसांनी फुलला होता, सगळी बाहेर गेलेली पोरं खोकी आणि कोंबडे घेऊन उतरत होती. कालांग अंगाने भरला होता. मांगात चिकगू अंगणात माडीचा माठ धूत होते. त्याने कागद पुढे केला नाही, नुसतंच सांगितलं.

“सी.”

चिकगू माठ सोडून उठले. हात ओले होते, ते शर्टाला पुसले, मग त्याला मिठी मारली आणि त्याचाही शर्ट ओला केला.

“आत ये. इंदाई, ए इंदाई लुलोंग, कालांग आलाय! सी!”

“ऐकलं,” ती चुलीजवळून म्हणाली. “सगळ्या नदीने ऐकलं. बांबूतलं कोंबडं शिजतंय, बसा म्हणावं.” मग दारात येऊन तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आधी आजीच्या थडग्यावर जाऊन सांगून ये. तोवर शिजेल.”

“तिथूनच येतोय, इंदाई,” कालांग म्हणाला, आणि माठाची दुसरी बाजू धरून धुवायला बसला.